ताईचं राज्यशास्त्र

आपल्याकडे सायन्सला चांगले मार्क मिळवून कुणी आर्ट्सला गेलं, की घरात सुतक पाळतात. माझ्या ताईने बारावीनंतर तेच केलं. आता ती राज्यशास्त्रात एमए करतेय. सुटीत काका मला विचारतात, "प्लेसमेंट कधी?" आणि तिला, "हे शिकून पुढे काय?"

आपल्या होस्टेलवरही पॉलिटिक्स म्हणजे फक्त मेस कमिटी! म्हणून मित्रांनो, ती नेमकं काय शिकते ते सांगतो.

मी सिव्हिलचा. गेल्या दिवाळीत मी सांडव्याचं डिझाइन वाचत होतो आणि ती सिंधू पाणीवाटप करार. जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९६० साली झालेल्या या कराराने रावी, बियास, सतलज भारताला मिळाल्या. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. पुढे चिनाबवर आपण बगलिहार धरण बांधायला घेतलं, तेव्हा पाकिस्तानने सांडव्याच्या दारांवरच हरकत घेतली.

आमच्या पुस्तकात दारं ठरतात ती पूर, गाळ आणि खर्च बघून. ताई म्हणाली, "अरे, पण खालचा विचारणारच ना, दारं तुमच्या हातात, पाणी कधी अडवाल याचा भरवसा काय?" एकाने स्वतःच्या सोयीसाठी केलेली गोष्ट दुसऱ्याला धोका वाटते, मग तोही तयारीला लागतो. त्यांच्या विषयात याला 'सिक्युरिटी डिलेमा' म्हणतात.

गंमत म्हणजे तो वाद सोडवायला नेमलेले तटस्थ तज्ज्ञ, स्वित्झर्लंडचे रेमंड लाफिट, हे सिव्हिल इंजिनिअरच! २००७ मध्ये त्यांनी दारं मान्य केली, पण फ्रीबोर्ड दीड मीटरने कमी करायला लावला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने करारच स्थगित केला. धरण तेच, आकडेमोड तीच. पण एका निर्णयाने सगळा संदर्भ बदलला.

वर्गात सरांनी ताईला पाकिस्तानची बाजू मांडायला लावली होती. हे ऐकून बाबा जाम भडकले. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, समोरचा काय म्हणणार हे कळल्याशिवाय आपली बाजू कशी मांडणार?"

तिला पीएचडी करायचीय. घरी मात्र स्थळं बघणं सुरू आहे. या सुटीत बाबांशी बोलायचं काम मी अंगावर घेतलंय. बाबा काय काय म्हणतील, ते ताईने मला आधीच लिहून दिलंय. चांगली दोन पानं भरलीत!