स्त्रीराज्यातील मुलगा

कथाकाराला एक चमत्कार माफ असतो, अशी श्रोत्यांची फार जुनी रीत आहे. एका अशक्य गोष्टीला त्यांनी मुकाट्याने मान डोलावली की पुढचा सारा कारभार त्याने जगरहाटीप्रमाणे चालवून दाखवावा, एवढीच त्यांची अट असते. पुरुष औषधालाही सापडणार नाही अशा स्त्रियांच्या मुलखाची कल्पना ज्यांनी ज्यांनी केली, त्या बहुतेकांनी आपल्या वाट्याचा हा चमत्कार अपत्यजन्मावर खर्च केला आहे. नांगर कोण धरील, वेशीवर पहारा कोण देईल, वादी-प्रतिवादींचा निवाडा कोण करील, या प्रश्नांची त्यांना फारशी धास्ती वाटलेली दिसत नाही. मुले कोठून येतील, या एकाच चिंतेने त्यांना ग्रासले. मला मात्र असे वाटते की, या कल्पनेची संभाव्यता जोखायची असेल तर मूल कसे जन्मते याचा खल करीत बसण्यापेक्षा, त्या मुलखात मुलगा जन्माला आला तर त्याचे पुढे काय होते, याचा तपास आधी करावा.

आमच्या घरी श्रावणात ‘नवनाथ भक्तिसार’ लागे, आणि मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंतून पडल्याचा भाग आला म्हणजे ओसरीवरची गर्दी वाढे. त्या राज्यातील स्त्रियांना मारुतीच्या भुभुःकाराने गर्भ राहतो, आणि पुरुषगर्भ मात्र त्याच नादाने जगत नाही, अशी तेथील प्रजावृद्धीची तजवीज पोथीने करून ठेवली आहे. नादातून गर्भ कसा संभवतो, अशी शंका त्या बैठकीत कोणी काढल्याचे मला स्मरत नाही. पण त्या नादाने नाहीशा होणाऱ्या पोरांसाठी कोणी हळहळल्याचेही स्मरत नाही. श्रोत्यांचे सारे लक्ष राणीच्या महालात अडकलेल्या योग्याकडे आणि त्याला सोडवायला निघालेल्या गोरक्षाकडे लागलेले असे. सातव्या शतकात भरतखंडात येऊन गेलेल्या ह्यूएनत्संगानेही स्त्रियांच्या दोन मुलखांची हकीकत नोंदवली आहे. हिमालयातील सुवर्णगोत्र देशात राज्य राणीचे. तिच्या नवऱ्याला राजा म्हणत, परंतु कारभाराची त्याला वार्ता नसे, आणि पुरुषांनी लढावे व शेती करावी, एवढेच त्यांचे काम. दुसरा मुलूख पश्चिम समुद्रातील बेटाचा. तेथे पुरुष मुळीच नाहीत. शेजारचा राजा दरसाल काही पुरुष तिकडे पाठवतो, आणि त्यांच्यापासून मुलगा झाला तर त्याला वाढवीत नाहीत. हे बेट यात्रेकरूने स्वतः पाहिले नव्हते, ऐकीव माहितीवरून लिहिले होते, आणि म्हणूनच ते अधिक बोलके आहे; कारण प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीला वस्तुस्थितीचा लगाम असतो, ऐकीव गोष्टीत सांगणाऱ्याचे मनच उमटते.

जन्माचा चमत्कार म्हणाल, तर निसर्गाच्या दफ्तरी त्याचे दाखले आहेत. टेक्सास आणि मेक्सिकोच्या नद्यांत ग्रीक कथांतील ॲमेझॉन वीरांगनांचे नाव मिळालेला ‘ॲमेझॉन मॉली’ हा मासा आहे. त्याची सारी जात माद्यांची आहे, हे १९३२ साली प्रसिद्ध झाले. तिच्या अंड्याला वाढीची चालना मिळण्यासाठी परजातीच्या नराचा संपर्क लागतो, परंतु त्या नराचा वारसा सहसा पिल्लांत उतरत नाही. ह्यूएनत्संगाच्या बेटाची व्यवस्था याहून फार वेगळी नव्हती. न्यू मेक्सिकोतील काही ‘व्हिपटेल’ सरड्यांना एवढ्याही उसनवारीची गरज पडत नाही. तेथे माद्याच माद्यांना जन्म देतात. मात्र या जाती दोन भिन्न जातींच्या संकरातून उपजलेल्या असल्याने त्यांच्या वंशावळीच्या मुळाशी केव्हातरी एक बाप होताच. सस्तन प्राण्यांत ही वाट अडवलेली आहे. आईकडून आणि बापाकडून येणाऱ्या काही जनुकांवर निरनिराळ्या मोहरा असतात आणि दोन्ही मोहरांवाचून गर्भ पुरता वाढत नाही, हे १९८४ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. तरीही २००४ साली टोकियोत तोमोहिरो कोनो यांनी जनुकांत फेरफार करून दोन माद्यांच्या बीजांडांपासून एक उंदरी जन्माला घातली, आणि जपानी लोककथेतील बांबूच्या पेरात सापडलेल्या कन्येवरून तिला ‘कागुया’ हे नाव दिले. शेकडो बीजांडांच्या खटाटोपानंतर ही एकटी मोठी झाली. सारांश, हा चमत्कार अतिशय महागडा आहे. परंतु वाचकाने कथाकाराला माफ करू नये, इतका तो बेलगाम नाही.

शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेने ‘हरलँड’मध्ये हाच चमत्कार मागितला. ‘फोररनर’ हे मासिक तिने १९०९ पासून १९१६ पर्यंत एकटीने लिहून चालवले. १९१५ साली त्यातून ही कादंबरी क्रमशः आली आणि पुस्तकरूपाने निघायला १९७९ साल उजाडले. दोन हजार वर्षांपूर्वी युद्ध, ज्वालामुखी आणि गुलामांचे बंड यांत एका डोंगरी देशातले पुरुष नाहीसे होतात. उरलेल्या स्त्रियांपैकी एकीला आपोआप दिवस जातात, तिला पाच मुली होतात, त्या पाचींना प्रत्येकी पाच, आणि अशा गुणाकाराने पुढे हॉलंडएवढ्या त्या देशाची लोकसंख्या तीस लाखांवर जाते. तेथील शेती, वनराई, शाळा यांचे वर्णन लेखिकेने असे तपशीलवार केले आहे की, हिशेबात खोट काढायला जागा सापडत नाही. मला खटकते ते तेथील एकमत. तीस लाख माणसांत खटला नाही, फिर्याद नाही, तंटा नाही. आणि मातृत्वाला जी अपात्र ठरेल तिला तसे समजावून सांगितले की तीही निमूटपणे मूल न होऊ देण्याचे मान्य करते. अपात्र कोण, हे ठरवणाऱ्या हातात किती मोठी सत्ता येते, याचा विचार लेखिकेने केलेला नाही. आणि माणसे, मग ती स्त्रिया असोत की पुरुष, इतक्या मुकाट्याने असा निर्णय स्वीकारतील, यावर माझा विश्वास बसत नाही. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, तेथे जन्माला येतात त्या केवळ मुली. त्यामुळे मुलाचे काय करावे, हा पेच त्या देशापुढे उभाच राहत नाही.

गिलमनने तो पेच टाळला असे वाटते खरे. पण १९१६ साली तिने या कथेचा उत्तरभाग लिहिला. त्यात त्या देशातील एल्लडोर आपल्या अमेरिकन पतीबरोबर बाहेरचे जग पाहते, महायुद्धाने भाजलेला युरोप पाहते, आणि शेवटी दोघे तिच्या देशात परततात. तेथे त्यांना मूल होते आणि तो मुलगा असतो. जो देश पुरुषांवाचून उभा राहू शकतो हे दाखवण्यासाठी लेखिकेने दोन हजार वर्षांचा इतिहास रचला, त्याच देशात अखेर तिने मुलगा जन्माला घातला, आणि कोणाच्याही नादाने त्याला नाहीसे केले नाही.

येथे पोथी, ह्यूएनत्संगाचे ऐकीव बेट आणि गिलमनची कथा यांच्यातील भेद ठळक होतो. पहिल्या दोन्हींत मुलगा जगत नाही किंवा जगू दिला जात नाही, आणि ही दोन्ही वर्णने पुरुषांच्या लेखणीतून आली आहेत. स्त्रियांच्या हाती राज्य आले तर त्या मुलग्यांचे काय करतील, याचे उत्तर शोधताना या लेखकांना बहुधा दूर जावे लागले नसावे. आपला समाज मुलींचे काय करतो हे त्यांच्या परिचयाचे होते, त्यांनी फक्त लिंग पालटले. १८०७-०८ च्या काठेवाडच्या बंदोबस्तात बडोद्याचे रेसिडेंट कर्नल वॉकर यांनी जाडेजा सरदारांकडून आपल्या कुळात मुली मारणार नाही असे करारनामे लिहून घेतले, आणि १८७० साली इंग्रज सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. ज्यांच्या दफ्तरी असे करारनामे पडून आहेत, त्या समाजाने स्त्रीराज्याच्या कथेत मुलग्यांचा संहार पाहिला आणि त्याला तो स्वाभाविक वाटला, यात नवल कसले?

आता कथा बाजूला ठेवून प्रत्यक्षाकडे यावे. स्त्रियांनी वसवलेली एक मोठी वसाहत पुण्याजवळ केडगावला उभी राहिली. तिचे नाव मुक्ती, आणि ती वसवणाऱ्या पंडिता रमाबाई गिलमनहून दोनच वर्षांनी वडील होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराश्रित मुलींना आणि विधवांना आणले, पुढे गुजरातच्या दुष्काळातूनही आणले, आणि १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, दुभती जनावरे, तेलाची घाणी, विणकाम, सारे तेथील स्त्रिया पाहत. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेले बायबल तेथल्याच छापखान्यात स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. नांगर कोण धरील आणि यंत्र कोण चालवील, हा प्रश्न केडगावने निकालात काढला आहे. या वसाहतीला जन्माच्या चमत्काराची गरज पडली नाही, कारण बाहेरचे जग दुष्काळाने, वैधव्याने आणि टाकून दिलेपणाने तिला माणसांचा पुरवठा अखंड करीत होते. आणि तेथे मुलगे होते. त्यांच्यासाठी ‘सदानंद सदन’ होते. केनियाच्या उत्तरेकडील सांबुरू प्रदेशात १९९० साली अत्याचारपीडित आणि घराबाहेर काढलेल्या स्त्रियांनी ‘उमोजा’ हे गाव वसवले. तेथे पुरुषाला राहता येत नाही. तरी तेथील स्त्रियांना मुले होतात, आणि मुलगे जाणते होईपर्यंत आईजवळच वाढतात.

तेव्हा पुरुषहीन स्त्रीसमाज संभवनीय आहे काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, आश्रय म्हणून तो संभवतो आणि संभवला आहे. स्वयंपूर्ण राष्ट्र म्हणून तो एका महागड्या चमत्काराच्या हवाली आहे. आणि मुलग्यांचा जीव घेणारे जे स्त्रीराज्य कथांनी आपल्यापुढे ठेवले, ते या तिहींत सर्वांत असंभाव्य आहे, कारण स्त्रियांना स्वतःची वस्ती करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तसे केल्याचे या दोन्ही वस्त्यांत दिसत नाही. याच्या उलटची कल्पना मात्र, म्हणजे स्त्रियांवाचून पुरुषांच्या मुलखाची, आपण कधी तपासून पाहत नाही. महाराष्ट्राच्या खानेसुमारीत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या आणि २०११ साली ८९४ राहिल्या, आणि हे गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा या राज्याने १९८८ मध्येच करून ठेवलेला असताना. २०२३ साली कात्सुहिको हायाशी यांनी नर उंदराच्या पेशींपासून बीजांड घडवून दोन बापांची पिल्ले जन्माला आणल्याचे जाहीर झाले, पण ती वाढायलाही मादीचेच उदर लागले. अशा रीतीने ज्या मुलखाला निसर्गाच्या दफ्तरी एकही दाखला नाही आणि ज्याच्यासाठी कोणत्याही पोथीने भुभुःकाराची तजवीज केलेली नाही, त्याच मुलखाच्या दिशेने आपली वाटचाल चालू आहे. स्त्रीराज्याची कथा ऐकून तिच्या असंभाव्यतेला हसणाऱ्याने आपल्या जिल्ह्याचा हा आकडा एकदा काढून पाहावा, आणि मग कोणती कल्पना अधिक भ्रामक, याचा निवाडा करावा.