नदीपलीकडचे कॉलेज

पिओरियाला निघालो तेव्हा थोरल्या बहिणीने चकल्यांच्या डब्याबरोबर एक काम माझ्या गळ्यात घातले. "माझा नातू तिथे शिकतो तरी काय, ते एकदा नीट बघून ये. पोरगा म्हणतो 'मशीनचं', त्याचा बाप म्हणतो 'इंजिनिअरिंग', आणि सूनबाई विषयच बदलते."

शिकागोहून पिओरिया मोटारीने अडीच-तीन तासांवर. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मग सोयाबीन आणि मका. वाटेत जोलिएट गाव लागले, तसा भाचा म्हणाला, "मामा, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इथलं. १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं." न विचारता दिलेली ही माहिती ऐकली आणि पाणी कुठे मुरते आहे याचा मला अंदाज आला.

नातवाने विद्यापीठातले इंजिनिअरिंग एका वर्षातच सोडले होते, आणि नदीपलीकडच्या इलिनॉय सेंट्रल कॉलेजात अवजड यंत्रांच्या देखभाल-दुरुस्तीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला होता. भाचा पुण्याचा इंजिनिअर, एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढणारा. इंजिनिअरच्या पोटी मेकॅनिक, असे काही तो बोलला नाही. पण पुढच्या शंभर मैलांत त्याने टाकलेले सुस्कारे मी मोजले असते तर सहज डझनभर भरले असते. एखादी गोष्ट चारचौघांना रुचेल की नाही हे विचारायचे असले म्हणजे अमेरिकेत 'पिओरियात चालेल का?' असे म्हणण्याचा प्रघात आहे. भाच्याची पंचाईत उलटी होती. पिओरियात चालते ते पुण्यात चालेल का?

गाव इलिनॉय नदीच्या काठी, टेकडीवर चढत गेलेले. नदीवरच्या मोठ्या पुलाला मरी बेकर या गृहस्थाचे नाव आहे. कॅलिफोर्नियातल्या होल्ट कंपनीला १९०९ साली इकडे आणण्याची खटपट यानेच केली. १९२५ साली होल्ट आणि बेस्ट या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या आणि कॅटरपिलरचा जन्म झाला. तिची यंत्रे आधी करडी असत. १९३१ साली त्यांना हळद लागली ती कायमची. कंपनीचे मुख्यालय पुढे गावातून हलले आणि टेक्ससला गेले, पण बुलडोझर अजून पूर्वेच्या काठावर बनतात. २०१२ साली उघडलेले तिचे प्रदर्शन आम्ही पाहिले. तिथे खाणीतल्या एका अजस्र ट्रकच्या हौद्यात चक्क चित्रपटगृह आहे! असला ट्रक एका खेपेला ३६३ टन माल वाहतो म्हणे. मी खाली उभा राहिलो तो चाकाच्या निम्म्यापर्यंतही पोचलो नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. भाचाही आला, आजवर तो तिथे एकदाही गेला नव्हता, हे मला दारातच समजले. तेल-ग्रीसच्या चिखलात पाय भरतील म्हणून मी जुने बूट चढवले होते. पाहतो तो कार्यशाळेची फरशी आमच्या स्वयंपाकघराने मान खाली घालावी इतकी स्वच्छ. नातू हसला. "आजोबा, केसाची जाडी सत्तर मायक्रॉन. त्याच्या पाव जाडीचे कण तेलात गेले ना, तरी पंप झिजतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पुसायलाच शिकवतात."

या यंत्रांचे बाहू हलतात ते तेलाच्या दाबावर. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या शंभरपट आणि त्याहून अधिक हा दाब. नळीला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तर धार नजरेलाही पडत नाही, पण कातडी भेदून आत शिरते. वर खूण मुंगी चावल्याएवढी. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हातही जातो. गळती शोधायची ती पुठ्ठ्याने, बोटाने कधीच नाही. यंत्रात हात घालण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला आपल्या नावाचे कुलूप ठोकायचे आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. चौघे काम करीत असतील तर कुलपे चार. नातवाने आपले लाल कुलूप मला दाखवले, ते मुंजीतल्या भिकाळीच्या ऐटीत.

मग बाटल्या आल्या. इंजिनातल्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत जातात. सिलिकॉन वाढलेले निघाले तर बाहेरची धूळ शिरते आहे, सोडियम दिसले तर थंड ठेवणारे पाणी बहुधा तेलात झिरपते आहे, तांबे दिसले तर आत एखादे बुश किंवा बेअरिंग झिजते आहे. इंजिन न उघडता हे सारे कळते. "विद्यापीठात मी पंपाची समीकरणं सोडवत होतो," नातू म्हणाला, "पंप पाहिलाच नव्हता."

भाचा इतका वेळ हात मागे बांधून उभा होता. पोराने त्याला एका जुन्या लोडरच्या पोटाशी नेले. "बाबा, हा बोल्ट बघा. आत पाना फिरायला जागाच नाही. हा एक काढायला आधी अर्धं यंत्र उतरवावं लागतं. कागदावर हा इथे कोणी काढला असेल?"

भाच्याने चष्मा कपाळावर सरकवला, कोटाची बाही वर केली आणि हात आत घातला. हात मनगटाशी अडकला. मग दोघे बाप-लेक गुडघ्यांवर बसून पुढची चाळीस मिनिटे काय बोलत होते ते मला कळले नाही. मी एका ट्रॅकच्या लोखंडी पट्ट्या मोजत बसलो. परतताना सुस्कारा एकही ऐकू आला नाही, आणि मोटारीच्या स्टिअरिंगला मात्र काळे डाग पडले.

रात्री पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. वाक्ये मनाशी जुळवून ठेवली होती, ती मी सावकाश सुरू केली. बहिणीने मधेच तोडले.

"अरे, व्हिडिओवर मला त्याची नखं दिसतात ना. इंजिनिअरची नखं कशी असतात ते मला माहीत आहे, एक वाढवलाय मी. गणपतीतच विचारलं पोराला, त्याने सगळं सांगितलं."

"मग मला कशाला पाठवलंस बघायला?"

"तुला नाही रे. तुझ्याबरोबर त्याचा बाप जाईल म्हणून. गेला ना? बरं, चकल्या मऊ नाही ना पडल्या?"