हॉटेल भरले, मग नफा कुठे गेला?

मयूर विहार फेज वनमधल्या त्या घरात रोज रात्री एक वही उघडते. मदर डेअरीचे दूध, भाजी, कामवालीचे खाडे, सारे तिच्यात टिपलेले असते. मूळच्या नाशिकच्या या बाई घरखर्चात पाच रुपयांचीही चूक होऊ देत नाहीत. पण ज्या हॉटेलात त्या हाउसकीपिंगच्या प्रमुख आहेत, तिथल्या मासिक बैठकीत आकड्यांचा कागद हाती आला की त्या तो घडी घालून पर्समध्ये ठेवत. हिशेब पाहायला अकाउंट्सवाले आहेत की!

एका बैठकीत जनरल मॅनेजर म्हणाले, "मॅडम, नफा घटला आहे. तुमची तीन माणसे कमी करावी लागतील."

बाई चकित झाल्या. महिनाभर हॉटेल नेहमीपेक्षा जास्त भरलेले होते. मुले धावत-पळत खोल्या आवरत होती. मग नफा घटला कसा? विचारावेसे वाटले, पण विचारायचे काय तेच कळेना. त्या तिघांच्या घरच्या चुली मात्र डोळ्यांपुढे आल्या.

संध्याकाळी त्या अकाउंट्समधल्या वयस्क गृहस्थांकडे गेल्या. ते हसून म्हणाले, "मॅडम, घरी वही ठेवता ना? ही त्याच वहीची थोरली बहीण."

त्यांनी कागदावर मांडून दाखवले. हॉटेलात 100 खोल्या. आधी रोज 80 खोल्या 4,000 रुपयांनी जात, म्हणजे 3,20,000 रुपये. आता सवलत देऊन 90 खोल्या 3,500 रुपयांनी गेल्या, म्हणजे 3,15,000. शिवाय जादा 10 खोल्यांची धुलाई, साबण, वीज यांचे प्रत्येकी 400 धरले तर आणखी 4,000 गेले. हॉटेल भरले, पण रोज 9,000 रुपये कमी उरले!

त्यात करही आला. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. पाहुण्याचे बिल हलके झाले, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट हॉटेलला मिळेनाशी झाली. म्हणजे फिनाइलच्या डब्यावरचा करही आता हॉटेलच्याच खिशातून जातो.

प्रत्येक विभागाचे उत्पन्न आणि खर्च वेगळा मांडण्याची एकसारखी पद्धत न्यूयॉर्कच्या हॉटेलचालकांनी 1926 सालीच छापून काढली होती. पण कागद विभागवार असून काय उपयोग, विभागप्रमुखाला तो वाचता आला नाही तर?

पुढच्या बैठकीत बाईंनी कागद पर्समधून बाहेर काढला. "साहेब, तूट पगारात नाही, सवलतीत आहे. माझ्याकडेही गळती आहे. हरवलेल्या टॉवेलांची मोजदाद नीट होत नव्हती, ती मी थांबवते. पण माणसे कमी केली तर 90 खोल्या आवरणार कोण?"

मॅनेजर बराच वेळ आकडे पाहत राहिले. सरसकट सवलत बंद झाली आणि तिघांची नावे यादीतून निघाली.

आता दर शनिवारी अर्धा तास शेफ, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग असे सारे प्रमुख तो कागद एकत्र वाचतात. शेफ थाळीमागचा माल मोजतात, बाई चादरी मोजतात. रात्री घरची वही मिटताना त्यांना आता वाटते, हिशेब म्हणजे नुसती काटकसर नव्हे. हिशेब कळला की आपल्या माणसांची बाजूही मांडता येते.