हत्याराचे मोल

शास्त्रज्ञाने संशोधन बाजूला ठेवून संगणकाच्या आज्ञावल्या लिहाव्यात, आणि त्याही कुणालाही वापरता, तपासता, बदलता याव्यात अशा मुक्त, यात अनेकांना पायरी उतरल्यासारखे वाटते. आम्हां वर्धेकरांना तसे वाटू नये. मगनवाडीतले मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडले, ते चरखे आणि ग्रामोद्योगांची साधने मांडण्यासाठी. त्याआधी १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्याला एक लाखाचे बक्षीस लावले होते. चरखा झोपडीत हातापायांनी चालावा, वीस वर्षे टिकावा. आणि बक्षीस हवे तर शोधाचे हक्क संघाला द्यावेत, अशा अटी होत्या. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. पण हत्यार घडवणे हेही बुद्धीचे काम आहे, ही समज त्या अटींत होती.

विद्यापीठांत ती क्वचितच दिसते. ट्रॅव्हिस ऑलिफंट हे अमेरिकेतले प्राध्यापक, वैद्यकीय प्रतिमांचे अभ्यासक. दोन जुन्या आज्ञावल्यांचा मेळ घालून त्यांनी २००६ मध्ये 'नम्पाय' पूर्ण केली आणि २००७ मध्ये विद्यापीठ सोडले. कृष्णविवराची २०१९ची प्रतिमा घडवताना हीच आज्ञावली हाताशी होती. आपल्याकडे आयआयटी मुंबईचे रसायन अभियंते कन्नन मौदगल्य मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसाराकडे वळले. त्यांच्या प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे मुक्त आज्ञावलीत उतरवतात. छोटे ध्वनिचित्रपाठ मराठीतही ऐकता येतात. मौदगल्यांनी प्राध्यापकी न सोडता हे केले, ऑलिफंटना बाहेर पडावे लागले. फरक व्यक्तींपेक्षा संस्थांनी काय मोजले याचा अधिक आहे.

साहित्याच्या माणसांना हे परके नाही. मोल्सवर्थ हा मुळात फौजी अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. तो उघडल्यावाचून जुने गद्य वाचणे आजही कठीण, पण वाङ्मयाच्या इतिहासात कोशकाराच्या वाट्याला परिच्छेद येतो, प्रकरण नाही.

उद्या एखादी विद्यार्थिनी म्हणाली, की प्रबंधाऐवजी मी वऱ्हाडीचा शब्दसंग्रह साऱ्यांना खुला राहील असा उभारते, तर आपण काय सांगणार? आमच्या मते तिला 'आधी पदवी' असे सांगू नये. ते कामच पदवीच्या तोलाचे मानावे. मात्र एक अट घालावी. संग्रह खुला केल्याने काम संपत नाही. चरख्याची चाती वाकते, माळ तुटते. आज्ञावलीही जुनी होते. दुरुस्तीला पुढचे हात तयार करणे हाही त्या प्रबंधाचा भाग, आणि त्याचेही गुण द्यावेत.