मैलकुलीचा नातू

मागच्या आठवड्यात आईशी फोनवर बोलताना सहज सांगून गेलो, "शनिवारी रस्ता दुरुस्त करायला गेलो होतो." पलीकडे क्षणभर शांतता. मग काळजीच्या सुरात, "अरे, नोकरी आहे ना तुझी?"

आता तिला काय सांगणार... इथे माणसं स्वतःचं पेट्रोल जाळून दोन-दोन तास डोंगरात जातात, फावडी मारतात, दगड वाहतात आणि रात्री कंबर धरून घरी येतात. फुकट. मी म्हटलं, "श्रमदान समज." "मग बरं," म्हणाली, पण तिला पटलं नसावं. कारण लगेच पुढचं वाक्य आलं, "तुझ्या आजोबांना त्याचा निदान पगार मिळायचा."

माझे आजोबा बांधकाम खात्यात मैलकुली होते. फोंडाघाटाच्या रस्त्यावर. हल्लीच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. रस्त्याचा ठराविक तुकडा एकेका माणसाच्या नावावर असायचा. पावसाळ्यापूर्वी त्याची गटारं उपसायची, मोऱ्यांतला पालापाचोळा काढायचा, कडेचं गवत कापायचं, खड्डे भरायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचो, म्हणजे ते काम करायचे आणि मी करवंदं खायचो. पाऊस कोसळायला लागला की बाकीचे लोक घरात शिरत, तेव्हा हे डोक्यावर इरलं घेऊन बाहेर पडायचे. पाणी कुठून येतंय आणि कुठे जातंय ते भर पावसातच दिसतं म्हणून. "पाण्याक वाट करून दिल्यार ता रस्त्यार कित्याक येतला?" असं म्हणायचे. हे वाक्य मला तीस वर्षांनी कॅलिफोर्नियात आठवेल असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

तर हा रस्ता म्हणजे रुबिकॉन ट्रेल. सिएरा नेवाडा पर्वतात, जॉर्जटाउनच्या बाजूने लेक टाहोकडे जाणारा बावीसेक मैलांचा मार्ग. जीप कंपनीच्या एका मॉडेलला याचंच नाव आहे. रस्ता म्हणायचा तो केवळ कागदोपत्री, कारण मधला बराचसा भाग म्हणजे नुसते ग्रॅनाइटचे धोंडे. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी तिथे चालत नाही, चढते, घसरते, घासते, आणि शेजारून पायी जाणारा माणूस तिला आरामात मागे टाकतो. पण कागदोपत्री तो अगदी खराखुरा रस्ता आहे बरं का! एल डोराडो काउंटीने १८८७ साली त्याला सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केलं. तेव्हा वाटेवरच्या रुबिकॉन स्प्रिंग्ज या झऱ्यांपाशी हॉटेल होतं आणि लोक घोडागाडीतून यायचे. हॉटेल गेलं, घोडे गेले, रस्त्याची नोंद राहिली. १९५३ मध्ये जॉर्जटाउनच्या लोकांनी इथे जीपगाड्यांची पहिली जत्रा भरवली (ते तिला 'जीपर्स जांबोरी' म्हणतात) आणि तेव्हापासून जगभरचे गाडीवेडे इथे यायला लागले.

माझी पहिली फेरी २०१३ सालची. फॉल्समला राहायला येऊन दोन वर्षं झाली होती, एक जुनी जीप चेरोकी घेतली होती, आणि आपल्याला गाडी चालवता येते असा एक गोड गैरसमज होता. आंबोलीत, फोंड्यात धुक्यातून गाडी चालवलेल्या माणसाला तो असतोच. दुपारी एकच्या सुमारास एका धोंड्यावर गाडीचं पुढचं अंग धाडकन आपटलं. पुढच्या आसावर दातेरी चाकांचा डबा असतो, डिफरन्शियल, त्याच्या झाकणाची कड वाकली आणि आतलं गिअर ऑइल गळायला लागलं. या तेलाचा वास ज्याने घेतलाय तो विसरणार नाही. कुजलेल्या लसणासारखा. खाली पांढराशुभ्र ग्रॅनाइट आणि त्यावर पसरत चाललेला काळसर डाग. पलीकडे वीस पावलांवर ओढा.

मी काय करत होतो? मी झाकणाकडे बघत होतो. किती खर्च येईल, घरी कसं जायचं, बायको काय म्हणेल.

मागच्या गाडीतून एक सत्तरीचे गृहस्थ उतरले. मळकी लाल टोपी. त्यांनी माझ्या झाकणाकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्या गाडीतून पांढऱ्या तेलशोषक घड्यांचं पुडकं काढलं, एक पसरट भांडं गळतीखाली सरकवलं, आणि सरळ गुडघ्यांवर बसून दगड पुसायला लागले. मीही बसलो मग. झाकण नंतर दुरुस्त झालं. खोलून, हातोडीने कड सरळ करून, सिलिकॉन लावून, दुसऱ्या कुणीतरी दिलेलं तेल भरून. त्याला तासभर लागला. दगड पुसायला मात्र दीड तास लागला. शेवटी तेलाने माखलेल्या घड्यांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही तुझी. घरी घेऊन जा."

त्या पिशवीने मला स्वयंसेवक केलं. उदात्त वगैरे काही वाटलं नव्हतं हो, लाज वाटली होती.

या टोपीवाल्या आजोबांकडून मग पुढची दहा वर्षं इतिहास कळत गेला. जत्रा वाढली तशी घाण वाढली. ओला रस्ता तुडवून चिखल झाला. कठीण धोंडा टाळायला लोक बाजूच्या मातीवरून गाडी घालत, मग ती दुसरी वाट, मग तिसरी. सुटी झालेली ती माती बर्फ वितळलं की ओढ्यात. ओढ्याच्या तळाशी गाळ साचला की माशांची अंडी गुदमरतात. आणि लिहायला जरा संकोच वाटतो, पण सगळ्यात मोठा प्रश्न माणसांच्या विष्ठेचा होता. सगळीकडे ग्रॅनाइट, खड्डा खणायला माती नाही आणि मुक्कामाला शेकडो माणसं. शेवटी २००४ मध्ये काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्याने स्पायडर लेकच्या परिसरात मुक्कामाला बंदी घातली. २००९ मध्ये पाण्याच्या गुणवत्तेचं नियमन करणाऱ्या मंडळाने काउंटीला आणि वनखात्याला आदेशच काढला: गाळ, तेल आणि मैला यांचा बंदोबस्त करा. ट्रेल कायमचा बंद होतोय की काय अशी ती वेळ.

'फ्रेंड्स ऑफ रुबिकॉन' नावाचे गाडीवाले २००१ पासून कामाला लागलेले होतेच, पण आता खरी धावपळ सुरू झाली. म्हणजे निसर्गप्रेम वगैरे नंतर. आधी भीती. आजोबा हे लपवत नाहीत. एकदा जेवताना मला म्हणाले, "ऐंशीच्या सालात मी स्वतः इंजिनचं जुनं तेल इथे जमिनीवर ओतलंय. सगळेच ओतायचे. ही घाण बाहेरच्यांनी केलेली नाही, आम्हीच केली."

काम काय असतं विचाराल तर त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही. मोठमोठे धोंडे विंचने ओढणं वगैरे क्वचित. बहुतेक वेळ पाण्याच्या मागे जातो. उतारावर ठराविक अंतराने रस्त्याला आडवी, तिरकी खोलगट सरी द्यायची, म्हणजे पाणी रस्त्यावरून लांबवर न वाहता वरचेवर कडेला उतरतं. कडेला गाळ धरायला छोटासा खड्डा. हिवाळ्यानंतर तो गाळाने भरतो, तो उपसायचा. लोकांनी पाडलेल्या चोरवाटा धोंडे लावून बंद करायच्या. पहिल्या वर्षी कुणीतरी मला ही सरी कशी द्यायची ते समजावून सांगत होता, आणि मी फावडं हातात घेऊन वेड्यासारखा हसत होतो. त्याला कसं सांगणार, की अरे बाबा, ही तर आमची घरची विद्या!

दुसरं काम लून लेकच्या धरणाजवळ, ट्रेलच्या तोंडाशी टपरीवर बसायचं. येणाऱ्या प्रत्येक गाडीला नमस्कार करून तेलशोषक घड्या आणि 'त्या' पिशव्या द्यायच्या. पिशवीत एक पावडर असते, तिने सगळं घट्ट होतं. बांधायची आणि परत न्यायची. तीन-चार फूट उंच टायरांची राक्षसी गाडी, आत हातभर दाढीवाला, दंडावर गोंदण, आणि मी, पाच फूट पाच इंच, त्याला प्रेमाने विचारतोय, "किती जण आहात? किती दिवस? मग आठ पिशव्या घ्या." पहिले काही तास जीभ रेटत नव्हती. आपल्याकडे यावर बोलायची सवय नाही. तो दाढीवाला मात्र लहान मुलासारखा लाजतो आणि "दहा द्या," म्हणतो.

तर गेल्या सप्टेंबरात लेकीला बरोबर नेलं. वय वर्षं तेरा. तिला शाळेच्या सेवातासांची गरज होती, मला सोबत. एलिस क्रीकच्या अलीकडे गाळाचे खड्डे उपसायचे होते. अकरापर्यंत नीट काम केलं तिने. मग फावडं टेकवून उभी राहिली.

"बाबा, गाड्या इथे आणल्याच नाहीत तर हे साफ करायला लागणार नाही ना?"

मी म्हटलं, रस्ता १८८७ पासून आहे. ती म्हणाली, हे उत्तर नाही. मी म्हटलं, बंद केला तरी लोक येतील आणि मग सांभाळणारं कुणीच नसेल. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही येता कारण दुसरेही येतात?" मी म्हटलं, आपण जे वापरतो ते आपणच निस्तरायला हवं. "मग न वापरणं सगळ्यात सोपं." असं म्हणून ती एका दगडावर जाऊन बसली. जवळजवळ दोन तास.

मला राग आला होता. खरं तर राग तिचा नव्हता, या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही याचा होता. अकरा वर्षं झाली, अजूनही दरवर्षी उन्हाळ्यात त्या धोंड्यांवरून चेरोकी चढवताना मला जो आनंद होतो तो निव्वळ चैनीचा आहे. त्यासाठी मी पेट्रोल जाळतो आणि ग्रॅनाइटवर रबराचे काळे पट्टे उठवतो. आजोबांचा रस्ता वेगळा होता. त्यावरून एस.टी. जायची, बाळंतिणी दवाखान्यात जायच्या. त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नसता.

टोपीवाले आजोबा जवळच होते. गुडघे गेल्यामुळे ते आता खुर्चीवर बसून अवजारं मोजतात. मला वाटलं, ते काहीतरी सांगून तिची समजूत घालतील. तिने त्यांनाही तेच विचारलं. ते विचारात पडले आणि म्हणाले, "ट्रेल बंद झाला तर मी इथे गाळ काढायला येणार नाही. झऱ्यासाठी एकटा आलो असतो असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मला गाडी चालवायला आवडते." बस, एवढंच. पुढे काही नाही. मग त्यांनी तिला सँडविच विचारलं.

सँडविच खाऊन ती उठली आणि परत खड्ड्यात उतरली. पटलं म्हणून की कंटाळा आला म्हणून, मी विचारलं नाही.

संध्याकाळी सह्यांचा कागद फिरतो. नाव, सही, किती तास. याला फार महत्त्व आहे. कॅलिफोर्नियात १९७१ च्या कायद्याने अशा गाड्यांच्या नोंदणीच्या पैशातून आणि इंधनावरच्या करातून एक निधी जमतो, त्यातून अशा ट्रेल्सना अनुदान मिळतं. पण अनुदान मागणाऱ्याला स्वतःचा वाटा दाखवावा लागतो, आणि आम्हा लोकांचे तास पैशात मोजून त्या वाट्यात धरता येतात. म्हणजे मैलकुलीला पगार नसला तरी हजेरी लागतेच!

कागद लेकीकडे आला. तिने चार लिहिले.

"सहा लिही," आजोबा म्हणाले. "सहा तास होतीस इथे. शाळेलाही चालेल."

"दोन तास मी दगडावर बसले होते," ती म्हणाली आणि पेन माझ्याकडे दिलं.

मी सकाळीच उत्साहात सात लिहून ठेवले होते. त्यात पाऊण तास जेवण होतं, आणि साधारण तेवढाच वेळ कुणाच्या तरी नव्या गाडीखाली वाकून बघण्यात गेला होता. खोडून साडेपाच केले.