कारागिराची पत

व्यापारी घराण्यात उधारी डोळे झाकून कोणी देत नाही. नवे गिऱ्हाईक दोन लाखांचा माल उधारीवर मागू लागले, तर त्याचे गाव, त्याचे दुकान, त्याच्या वडिलांचा व्यवहार आणि आधीच्या पेढीशी त्याचा हिशोब कसा मिटला, या साऱ्याची चौकशी होते. दलालाला विचारले जाते, बाजारात कानोसा घेतला जातो आणि मगच वहीत नाव चढते. त्याच घराण्याच्या स्वयंपाकघरात मात्र निराळा कारभार चालतो. फ्रीज बंद पडला की कोणीतरी मोबाइलवर नंबर शोधतो, तासाभरात एक अनोळखी माणूस पिशवी घेऊन येतो आणि चाळीस हजारांचे यंत्र त्याच्यापुढे उघडे केले जाते. त्याचे नाव विचारण्याचेही कोणाला सुचत नाही. गादीवर बसून जन्मभर कमावलेली पारख घराच्या उंबरठ्याबाहेरच राहते.

वस्तुतः दुरुस्ती हा व्यवहार खरेदीपेक्षा अवघड आहे. साडीचा पोत हाताला कळतो, गव्हाचा दाणा दाताखाली धरून पाहता येतो. दुरुस्तीत हाताला काहीच लागत नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की मालाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर चांगला माल हळूहळू बाजारातून मागे सरतो. पुढे २००१ साली त्यांना दोन सहकाऱ्यांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी या विचाराची पुढची पायरी मांडली. काही सेवा अशा असतात, की त्या घेतल्यानंतरही त्यांचा कस ग्राहकाला ठरवता येत नाही. दुरुस्ती ही त्यांपैकीच. फ्रीज पुन्हा गार करू लागला एवढेच दिसते. त्यासाठी कॉम्प्रेसर बदलणे खरोखर आवश्यक होते, की काहीशे रुपयांच्या एका सुट्या भागावर काम भागले असते, हे घरच्यांना कधीच कळत नाही. जास्त पैसे मोजून माणूस वर आभारही मानतो.

म्हणून येथे काम पारखता येत नाही, माणूस पारखावा लागतो. आणि ही पारख करण्याची वेळ नेमकी घाईची असते.

सोलापुरातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी मे महिन्यात घडलेला प्रसंग यादृष्टीने बोलका आहे. बाहेर पारा चाळीसच्या वर गेलेला, आणि सकाळी फ्रीज बंद. घरातील आजींना मधुमेह असल्याने त्यांची महिनाभराची इन्सुलिन फ्रीजमध्ये होती. न उघडलेली इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, सोलापूरच्या उन्हाळ्यात ती बाहेर ठेवणे परवडणारे नव्हते. पुरुष मंडळी दुकानात. सुनेने मोबाइलवर सापडलेल्या नंबरवर फोन केला. आलेल्या माणसाने मागच्या बाजूला कान लावला आणि दोन मिनिटांत निदान केले.

“काकी, कॉम्प्रेसर गेला. साडेसात हजार लागतील. आत्ता अडीच द्या, संध्याकाळपर्यंत बसवून देतो.”

“संध्याकाळी दुकानातून मंडळी येतील, तेव्हा सांगू,” आजी म्हणाल्या.

“उशीर केलात तर आतला बोर्डही जळेल, मग मला बोलू नका.”

सूनबाई पैसे काढायला आत वळल्या होत्या. आजींनी त्यांना थांबवले, इन्सुलिनचा डबा शेजारच्या घरी फ्रीजमध्ये ठेवायला पाठवला आणि त्या माणसाला येण्याचे पैसे देऊन निरोप दिला. डबा सुरक्षित होताच घाई संपली. बंद करून ठेवलेल्या फ्रीजचा बोर्ड संध्याकाळपर्यंत जळत नसतो, एवढा विचार करायला मग सवड मिळाली.

रात्री दुकानाच्या मुनीमजींनी एक नाव सुचवले. दुकानातील एसी अकरा वर्षे तोच कारागीर सांभाळत होता. दुसऱ्या दिवशी तो आला. त्याने प्रथम प्लग काढला, मागचे झाकण उघडले, मीटर लावून कॉम्प्रेसरची वाइंडिंग तपासली आणि मीटरवरचा आकडा आजींना दाखवला. कॉम्प्रेसर शाबूत होता, तो सुरू करून देणारा रिले जळाला होता. रिले आणि ओव्हरलोड बदलून त्याने जुने भाग आजींच्या हातावर ठेवले आणि साडेसहाशे रुपये घेतले. जाताना तो म्हणाला, “आजी, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, मागची उष्णता कोंडते. तीन महिन्यांत हेच पुन्हा झालं तर फोन करा, पैसे घेणार नाही.” त्याच्या सांगण्यावरून जुने बिल शोधले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. फ्रीज आठ वर्षांचा होता आणि कंपनीने कॉम्प्रेसरला दहा वर्षांची हमी दिलेली होती. म्हणजे कॉम्प्रेसर खरोखर गेला असता, तरी त्याच्या किमतीचा भार घरावर पडला नसता.

पहिला माणूस लबाड होता की अर्धशिक्षित, हे ठरवण्याचे कारण नाही. घराच्या रोकडीला दोन्ही सारखेच. मात्र दोघांच्या वागण्यातील फरक यंत्राचे काडीमात्र ज्ञान नसलेल्या माणसालाही दिसण्याजोगा होता. एकाने आधी किंमत सांगितली, दुसऱ्याने आधी तपासले. एकाने भीती घातली, दुसऱ्याने मीटर दाखवला. एकाने आगाऊ रक्कम मागितली, दुसऱ्याने काढलेला भाग परत दिला. कारागिराची पत मोजायची ती याच मापांनी.

या मापांना थोड्या माहितीची जोड दिली, तर फसगतीच्या बऱ्याच वाटा बंद होतात. “गॅस संपला आहे, भरावा लागेल” हे वाक्य उन्हाळ्यात घरोघरी ऐकू येते. फ्रीज किंवा एसीमधील गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो, तो मोटारीच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणे. चांगला कारागीर गळती शोधतो, जोड बुजवतो, पंपाने नळ्या निर्वात करतो आणि मग वजन करून गॅस भरतो. आजच्या अनेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो. त्याची जात आणि ग्रॅममधील वजन फ्रीजवरील पट्टीवर छापलेले असते. ती पट्टी न वाचता काम सुरू करणाऱ्याच्या हाती ज्योतीची नळी देऊ नये, कारण येथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत एक जुना खेळ आजही चालतो. विक्रेता दोन पेले मांडतो, एकात नळाचे आणि दुसऱ्यात आरओचे पाणी. दोन्हींत विजेचे कांड सोडतो आणि क्षणात नळाचे पाणी तपकिरी होते. घरातील मंडळी घाबरतात. तो रंग पाण्यातील घाणीचा नसतो. नळाच्या पाण्यातील क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि कांडातील लोखंडच पाण्यात उतरते. आरओच्या पाण्यात क्षार कमी असल्याने ते तसेच राहते. निर्मळ झऱ्याचे पाणीही या परीक्षेत नापास होईल. गीझरच्या बाबतीत तर काटकसरीचा विचारच नको. अर्थिंग न तपासता गीझर जोडणारा आणि “चालतंय ना, मग झालं” म्हणणारा कारागीर स्वस्तात मिळाला, तरी तो महागच पडतो.

आता फसवणुकीचा एक नवा मार्ग, ज्यात कारागीर घरी येतही नाही. कंपनीचे नाव घालून इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधला, तर सापडलेला नंबर कंपनीचाच असेल याची खात्री नसते. पलीकडचा माणूस नम्रपणे तक्रार नोंदवून घेतो, दहा रुपये नोंदणी शुल्क मागतो, एखादी लिंक पाठवतो किंवा मोबाइलचा पडदा दाखवणारे ॲप उतरवायला सांगतो. त्यानंतर खाते रिकामे व्हायला वेळ लागत नाही. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही, तो केवळ पैसे देण्यासाठी असतो, ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना पुनःपुन्हा सांगितली पाहिजे. नंबर घ्यावा तो हमीपत्रावरचा, बिलावरचा किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा. इतके करूनही फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसा पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता आला तरच तो परत मिळण्याची आशा असते, म्हणून येथे तासांना नव्हे, मिनिटांना मोल आहे.

पावतीच्या बाबतीत व्यापारी घरांचा एक गैरसमज असतो. जीएसटी क्रमांक नाही म्हणजे कारागीर बेभरवशाचा, असे मानले जाते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे त्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि एकट्याने काम करणारे बहुतेक कारागीर या मर्यादेतच असतात. तेव्हा क्रमांकाचा आग्रह न धरता साध्या कागदावर तारीख, बदललेला भाग, रक्कम, हमीची मुदत आणि सही एवढे मागावे. जो हे लिहून देतो, तो आपल्या कामामागे उभा राहायला तयार असतो. उलट जो आपल्याकडे नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावतो, त्याच्यापासून सावध राहावे. क्रमांक खरा की खोटा, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. वाद विकोपाला गेलाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, यासाठी केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टलही सुरू केले आहे.

पत मात्र एकतर्फी नसते. कारागीरही घरांची पारख करीत असतो. तीन जणांना एकाच वेळी बोलावून पहिल्यानंतर आलेल्या दोघांना दारातून परत पाठवणारी घरे, व्हिजिटच्या पैशांवरून अर्धा तास घासाघीस करणारी घरे, “पुढच्या वेळी एकदम देऊ” म्हणणारी घरे त्याच्या स्मरणात पक्की असतात. अशा घरांचा फोन भर मेमध्ये तो उचलत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याने तासभर तपासून “यात काही बिघाड नाही” असे सांगितले, तर तेच त्याचे सर्वांत मोलाचे काम. त्याचे पैसे देताना हात आखडणारा ग्राहक नकळत त्याला पुढच्या वेळी खोटा बिघाड शोधायला शिकवतो.

याहून नाजूक गोष्ट संशयाची. घरातील एखादी वस्तू सापडेनाशी झाली, की बोट प्रथम बाहेरून आलेल्या माणसाकडे वळते. ती वस्तू चार दिवसांनी कपाटाच्या मागे सापडते, पण गल्लीत पसरलेला बोल परत घेता येत नाही. ज्याचे सारे भांडवल त्याचे नाव आहे, त्याचे त्या चार दिवसांत दिवाळे निघू शकते. म्हणून काम चालू असताना घरातील एकाने शेजारी बसावे आणि मौल्यवान वस्तू आधीच कुलुपात ठेवाव्यात. यात जितके घराचे रक्षण आहे, तितकेच कारागिराच्या अब्रूचेही आहे.

हे सारे बिघाड झाल्यावर सुचत नाही, त्याची तजवीज आधीच हवी. दिवाळीत नव्या वह्या आणल्या जातात, त्यांतील एक लहान वही घरातील यंत्रांसाठी राखून ठेवावी. प्रत्येक यंत्राला एक पान द्यावे. त्यावर मॉडेल, खरेदीची तारीख, हमी कोठपर्यंत, कोणता भाग केव्हा बदलला, कोणी बदलला आणि किती घेतले, हे लिहावे. बिल त्याच पानाला टाचून ठेवावे. नवा कारागीर आधी लहान कामावर पारखावा, म्हणजे पंख्याचा कपॅसिटर किंवा मिक्सरचे कपलर त्याच्याकडून बदलून घ्यावे आणि मग मोठे यंत्र त्याच्या हाती द्यावे. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी लाखाची उधारी कोणती पेढी देते? पाच वर्षांत त्या वहीत दोन-तीन नावे आपोआप ठळक होतील. ती नावे सुनेला, मुलीला, शेजाऱ्याला सांगावीत आणि त्या कारागिरांनाही कधीतरी सांगावे, की तुमचे नाव आमच्या वहीत आहे.