तिरप्या उन्हातला रणगाडा

ओतीव लोखंडाचा फोटो काढणं अवघड असतं. लोखंड उजेड गिळतं. समोरून फ्लॅश मारला तर नुसता राखाडी ठोकळा येतो. चीर, खड्डा, उठाव काही म्हणजे काही दिसत नाही. तोच उजेड बाजूनं, जमिनीलगत, तिरपा आला की त्या ठोकळ्याच्या अंगावरचं सगळं उघडं पडतं. हे मी शिकलो ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. मी पॅटर्न मेकर. सागवानात वस्तू हुबेहूब घडवायची, तिच्यावरून वाळूचा साचा उठवायचा आणि मग त्यात रस ओतायचा. या साखळीतली पहिली कडी माझी. माल नापास होऊन परत आला की त्याचे फोटो काढून ठेवावे लागत. त्यासाठी मालकांनी घरातला जुना याशिका आणून दिला आणि तो माझ्याकडेच राहिला. पुढे त्याच कॅमेऱ्यानं मी रणगाड्यांचे फोटो काढू लागलो, आणि तो नाद आजतागायत सुटलेला नाही.

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना तांबडा-पांढरा, तालमी आणि चपला आठवतात. आम्हाला भट्टी आठवते. गुऱ्हाळाला घाणा लागायचा, विहिरीला ऑइल इंजिन लागायचं. त्यांच्या दुरुस्त्या करता करता मिस्त्री तयार झाले आणि मिस्त्र्यांतून कारखानदार. उद्यमनगर पुरेना तेव्हा फाउंड्र्या शिरोलीला गेल्या, गोकुळ शिरगावला गेल्या. अशा गावातल्या माणसाला कुठलंही यंत्र दिसलं की पहिला प्रश्न पडतो, ‘हे केलं कसं?’ ‘कशासाठी केलं?’ हा प्रश्न मागाहून येतो.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कामानिमित्त जाणं व्हायचं. तिथं फराहबागेजवळ लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं ते १९९४ मध्ये उभं केलं. रणगाडा दलाचे जवान घडतात ते याच गावात, त्यामुळे संग्रहालयही इथंच शोभतं. रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर चढवलेल्या चिलखती मोटारीपासून आपल्या आवडी इथल्या कारखान्यात बनलेल्या विजयंतापर्यंत सगळी पिढीजात मंडळी उघड्यावर ओळीनं उभी आहेत. ब्रिटिश, अमेरिकन, फ्रेंच, रशियन, जपानी, जर्मन. लोक येतात, तोफेच्या नळीखाली पोरांना उभं करतात, फोटो काढतात आणि पुढच्या रणगाड्याकडे सरकतात. मी पहिल्या भेटीतच नळी सोडून कुशीकडे वळलो. तिथं जोडकाम दिसतं.

त्या आवारात नीट फिरलं तर जोडकामाचा सगळा इतिहास पायांखालून जातो. जपान्यांचा हा-गो बघा. साडेसात टनांच्या आसपासचा, तीन माणसांचा, चिलखताची जाडी फार तर १२ मिलिमीटर. पत्रे रिव्हेटनं ठोकून बसवलेले. रिव्हेटचा धोका असा की बाहेरून गोळा आदळला, पत्रा फुटला नाही तरी रिव्हेटचं डोकं तुटून आतल्या माणसाच्या अंगात गोळीसारखं घुसायचं. म्हणून रिव्हेट मागे पडले आणि दोन वाटा फुटल्या. एक ओतकामाची, दुसरी वेल्डिंगची. ओतकामात हवा तसा गोलवा देता येतो आणि गोल अंगावरून गोळा घसरण्याची शक्यता वाढते. उलट बाजूही आहे. त्याच जाडीची लाटलेली प्लेट ओतीव पोलादापेक्षा चिवट असते, म्हणून ओतीव चिलखत जास्त जाड धरावं लागतं. अमेरिकेनं शर्मन रणगाडे ४९ हजारांच्या आसपास बनवले. इतका माल काढायला मोटारीचे कारखाने, रेल्वे इंजिनांचे कारखाने, फाउंड्र्या, सगळ्यांना जुंपलं होतं. त्यामुळे शर्मनच्या काही जाती अखंड ओतीव अंगाच्या, तर काही वेल्ड केलेल्या. ज्याला जे जमत होतं ते त्यानं केलं. विजयंतापर्यंत येता येता सगळी भिस्त वेल्डिंगवर गेली.

मॅटिल्डापाशी मी दर खेपेला जास्त वेळ काढतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला लिबियाच्या वाळवंटात इटालियन तोफांना या रणगाड्याचं चिलखत फुटेना. पुढे जर्मनांच्या ८८ मिलिमीटर तोफेनं तो माज उतरवला. हा रणगाडा घडवण्यात मुख्य वाटा होता लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीचा. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, तिची इंजिनं बनवणारी फाउंड्री हीच. बोरीबंदरच्या इंजिनाला ज्या कारखान्याचं लोखंड, त्याच कारखान्याचा रणगाडा आज नगरच्या उन्हात उभा. हे कळल्यावर मॅटिल्डा मला परका वाटेनासा झाला. फाउंड्रीचं असंच असतं. भट्टी पेटलेली ठेवायची तर येईल ती ऑर्डर घ्यावी लागते. शांततेच्या काळात रेल्वेची, युद्धाच्या काळात युद्धाची.

आता फोटोचं. रणगाडा बघायला सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावं. डोक्यावरच्या उन्हात सगळे सारखेच हिरवे दिसतात. संग्रहालयात वर्षानुवर्षं रंगाचे हात चढत जातात, त्याखाली अंगचं ओतकाम बुजून गेलेलं असतं. आधी तळहात फिरवायचा. ओतीव बुरुजाचा पृष्ठभाग हाताला लागतो तो शेणानं सारवलेल्या भिंतीसारखा, कुणाच्या तरी बोटांच्या ओढी राहून गेल्यासारखा. मग बोटाला उठाव लागतो. तिथं अक्षरं असतात: फाउंड्रीची खूण, पार्ट नंबर, कास्टिंगचा क्रमांक. बाजूनं ऊन येईपर्यंत थांबायचं, कॅमेरा जवळजवळ चिलखताला टेकवायचा, आणि एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप कमी करायचं. रंगाच्या थरांखालून आकडे वर येतात.

एका शर्मनच्या नाकाडावर मला असेच आकडे सापडले. त्यातला एक आकडा किंचित कलंडलेला होता. बघणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही, पण मी ते काम आयुष्यभर केलं आहे. लाकडी पॅटर्नवर धातूची लहान लहान अक्षरं बसवावी लागतात. पार्ट नंबर कायमचा असतो, पण क्रमांक दर साच्याला बदलतो. वाळूत साचा उठवायच्या आधी कुणीतरी जुना आकडा काढतो, नवा बसवतो आणि ‘चला’ म्हणतो. ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुठल्यातरी शेडमध्ये, पाळी संपत आलेली असताना, एका माणसानं तो आकडा घाईनं दाबला होता. मुकादम मागे उभा असणार. तो माणूस युद्धाला गेला नाही. संग्रहालयाच्या पाटीवर रणगाड्याचं वजन असतं, वेग असतो, तोफेचा व्यास असतो, रेजिमेंटचं नावही असतं. त्या माणसाची सही तेवढी या कलंडलेल्या आकड्यात आहे. तेव्हापासून मी आकडे जमवतो. घरी फोटोंच्या वह्या आहेत, त्यात नळ्या कमी आणि आकडेच जास्त. बघायला येणारे पाव्हणे पाच मिनिटांत कंटाळतात.

पॅटन रणगाड्यांनी मात्र मला या छंदातून जरा हलवलं. पॅटन पाहणाऱ्या कोल्हापूरकराला १९६५ ची खेमकरणजवळची असल उत्तरची लढाई फार चटकन कळते, कारण ती उसात झाली. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन नव्याकोऱ्या अमेरिकन पॅटनसह उतरली होती. आपल्याकडे डेक्कन हॉर्सचे महायुद्धातले शर्मन, लाइट कॅव्हलरीचे हलके एएमएक्स आणि सेंच्युरियन. आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतांत सोडलं आणि नालेच्या आकारात रणगाडे उंच उसात दडवले. पाणी पाजलेल्या उसाच्या रानात ट्रॉली घातली तर काय होतं हे पंचगंगेच्या काठावर कुणाला सांगावं लागत नाही. इथं तर पंचेचाळीस टनांचं धूड. पॅटन रुतले, बाजू उघड्या पडल्या, आणि उसातून जवळच्या टप्प्यावरून गोळे आले. चौथ्या ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीदनं जीपवरच्या रिकॉइललेस तोफेनं एकामागून एक पॅटन टिपले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. डेक्कन हॉर्सचं नेतृत्व करत होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, पुढे १९८३ मध्ये लष्करप्रमुख झालेले. त्यांना या लढाईसाठी महावीर चक्र मिळालं, १९७१ मध्ये पुन्हा एकदा. भारतीय हिशेबानं पाकिस्ताननं तिथं ९७ रणगाडे गमावले. जवळच्या भिखीविंडला पकडलेल्या रणगाड्यांची इतकी गर्दी झाली की त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले. तिथून ते देशभरच्या छावण्यांत आणि चौकांत विजयचिन्हं म्हणून गेले.

त्यांतला एक उत्तरेतल्या एका चौकात पाहिला. बुरुजाच्या बाजूला भोक होतं. मी नेहमीप्रमाणे कॅमेरा घेऊन जवळ गेलो, ऊन बघितलं, कोन धरला. भोकाच्या कडेला पोलाद बाहेरच्या बाजूला वळून ओठासारखं उभं राहिलं होतं. न वितळता धातू असा वाहतो हे वाचून माहीत होतं, डोळ्यांनी प्रथमच बघत होतो. ओतकाम उत्तम होतं. कुठं वायूचं छिद्र नाही, आकुंचनाची पोकळी नाही. तपासनिसानं डोळे झाकून पास केलं असतं असा माल. पोलाद थंड होताना शेकडा दोनच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. त्या पॅटर्न मेकरची पट्टी अचूक चालली होती. सगळं बरोबर असून भोक पडलं होतं.

आमच्याकडे माल नापास झाला की तो फोडतात आणि पुन्हा भट्टीत टाकतात. मालकाचं नुकसान होतं, फोरमन दोन दिवस बोलत नाही, तिसऱ्या दिवशी नवा माल निघतो. इथं कास्टिंग हरलं तेव्हा आत माणसं बसलेली होती. ती शत्रूची होती, आणि ते भोक पडलं म्हणून आपल्याकडचे कितीतरी जण घरी परतले, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी त्या एका भोकात होत्या. ‘कशासाठी’ हा मागाहून येणारा प्रश्न मला तिथं गाठून बसला. उत्तर म्हणाल तर अजून एकच सुचलं आहे. या वस्तूंकडे घडवणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं की त्यांचं कौतुक कमी होत नाही, पण कौतुकावर थांबताही येत नाही. जाडी मोजली की आपोआप विचार येतो, जाडी कुणासाठी ठेवली आणि ती कुणाला पुरली नाही.

युद्धाचं यंत्र आपल्या गावापासून लांब असतं, असं मानायचीही मग सोय राहत नाही. दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते. सोनं लुटायच्या गर्दीत टाचा उंचावून आम्ही लहानपणापासून ती बघत आलो. ती बनवणाऱ्या मेबॅकनं आधी झेपेलिन वायुनौकांची इंजिनं केली, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या बहुतेक रणगाड्यांच्या पोटात मेबॅकचीच इंजिनं होती. मुलीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा हट्टानं डॉर्सेटमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमला गेलो. तिथं ट्युनिशियात १९४३ मध्ये पकडलेला टायगर १३१ आहे, अजून चालू स्थितीत. सगळा जाड प्लेटांचा, सुतारकामासारखे सांधे एकमेकांत अडकवून वेल्ड केलेला. ओतकाम शोधून काढावं लागतं. टायगर जेमतेम साडेतेराशे झाले, शर्मन पन्नास हजारांच्या घरात. कारखानदाराला यात युद्धाचा निकाल वाचता येतो. जावई विचारत होता, ‘बाबा, एवढ्या लांब येऊन तुम्ही मागची बाजू काय बघताय?’ मागे इंजिन होतं. मेबॅक म्हणताच त्याला महागड्या मोटारी आठवल्या, मला दसरा चौक.

आता याशिका कपाटात आहे आणि फोटो मोबाइलवर निघतात. उद्यमनगरात अजून अधूनमधून जातो. आयटीआय करून आलेली पोरं जेवणाच्या सुट्टीत फोटो बघायला मागतात. परवा पॅटनचा बुरुज दाखवला तर वाद लागला.

“काका, एवढ्या जाडीला रायझर कुठं दिला असंल?”

“वरच्या हॅचच्या अंगाला. तितंच जाडी हाय.”

“आणि कोअर कशावर धरला? एवढा मोठा कोअर बसला तर वाट लागंल की.”

एकानं पायरीवर कोळशानं साचा काढला, दुसऱ्यानं पुसून नवा काढला. मग एक पोरगा म्हणाला, “आत किती माणसं बसायची?” मी सांगितलं, या जातीत पाच, दोन खाली पुढच्या बाजूला, तीन वर बुरुजात. त्याला पटेना. त्यानं खडू आणून फरशीवर सहा-एक फुटांचं वर्तुळ काढलं, मध्ये तोफेची जागा म्हणून लाकडाचा ओंडका आडवा टाकला, दोघांना हाताला धरून आत ओढलं आणि आपणही शिरला. तिघांची कोपरं एकमेकांना लागत होती. “गोळे कुठं ठेवायचे मग?” एकानं विचारलं. “पायात,” दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं, बाहेर पडायचं झालं तर कोण आधी पडणार, ते विचारलं. त्यावर तिघेही एकमेकांकडे बघत राहिले आणि मग ठरवायला लागले. तेवढ्यात फोरमन आतून ओरडला की सुट्टी संपली, मेटल तयार आहे.